कोपराखाली काही नको

"बांगड्या काढल्याशिवाय आत सोडणार नाही," मी म्हटलं.

दारातल्या बाईनं आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्ही मनगटांत हिरव्या काचेच्या बांगड्या, डझनभर तरी असतील. आणि उभा जन्म खुरपं धरून रुंद झालेले पंजे. त्या पंजांवरून बांगड्या उतरणार नाहीत हे मलाही दिसत होतं आणि तिलाही.

"न्हाई निघायच्या वो बाई. कासारानं लई दाबून भरल्यात."

"मग फोडाव्या लागतील. कोपराखाली काही नको. घड्याळ नको, दोरा नको, बांगडी नको. आत सगळी किलो-दीड किलोची बाळं आहेत, आक्का. बांगडीखाली काय काय दडून बसलेलं असतं, तुम्हाला नाही कळायचं."

तिचं नाव मायाक्का हाक्के. जतकडच्या एका धनगरवाडीवरची. तिच्या लेकीला, सुवर्णाला, सातव्या महिन्यातच झटके आले आणि पोट फाडून बाळ काढावं लागलं. मुलगी. नऊशे ऐंशी ग्रॅम. सुवर्णा खालच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात होती, शुद्धीवर येत होती, पुन्हा जात होती. अशा बाळाला दिवसातून काही तास कुणाच्या तरी उघड्या छातीशी धरून ठेवावं लागतं, त्यानं श्वास नीट चालतो, वजन वाढतं. आई नसली तर आजी. म्हणून मायाक्काला आत घ्यायचं ठरलं होतं. आत घ्यायचं म्हणजे माझ्या दारातून, आणि माझ्या दारातून फुकट कुणी जात नसे. नवजात अतिदक्षता विभागाची मी अकरा वर्षं इनचार्ज होते. मोठे डॉक्टरसुद्धा मला पाहिलं की बाह्या वर करत.

"मालक मेंढरं घिऊन लांब गेल्यात," ती म्हणाली. "चार म्हैनं झालं. माणूस नजरंआड असताना..."

पुढचं मला कळलं. मी ख्रिस्ती असले तरी याच मातीतली आहे, 'फोडणं' हा शब्द मी तिच्यापुढे वापरायला नको होता. पण नियम तो नियम. मी ट्रेमधली कात्री उचलली, तशी ती पटकन म्हणाली, "तुमी नगा हात लावू. मीच वाढवते."

पदराचं टोक मनगटाभोवती गुंडाळून तिनं हात बेसिनच्या कडेवर दाबला. कट्‌ कट्‌ असा आवाज झाला. मग दुसरा हात. सगळे तुकडे तिनं पदराच्या गाठीत बांधले, एकही जमिनीवर पडू दिला नाही. मोकळे हात तिनं माझ्यापुढे धरले तेव्हा तिची नजर माझ्या हाताकडे गेली. डाव्या हाताच्या बोटात सोन्याची अंगठी.

तिनं काही विचारलं नव्हतं. तरी मीच म्हटलं, "ही लग्नाची आहे. निघत नाही. आणि मी दिवसातून पन्नास वेळा हात धुते."

"व्हय," मायाक्का म्हणाली.

अंगठी खरंच निघत नव्हती. विल्सननं ती चर्चमध्ये घातली तेव्हा माझी बोटं काडीसारखी होती. विल्सन रेल्वेत गार्ड होता. तो गेल्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्यानं मागे ठेवलं ते एवढंच, ही अंगठी आणि टोबी नावाचं लांब कानांचं तपकिरी कुत्रं. टोबीचे कान सदा चिघळलेले. रोज सकाळी ड्यूटीला निघण्याआधी त्याचं डोकं मांडीवर घेऊन मी कान पुसायची, औषधाचे थेंब घालायची, आणि मग साबणानं हात धुऊन, कडक इस्त्रीची साडी नेसून सातच्या ठोक्याला हजर. बावीस वर्षांच्या नोकरीत मला एकदाही उशीर झाला नव्हता. हे मी लोकांना वारंवार ऐकवायची, हेही कबूल करते.

मायाक्का मात्र बाळ धरण्यात वस्ताद निघाली. मी शिकवायला गेले तर तिनं बाळ असं अलगद छातीवर घेतलं, मान एका बाजूला, पाय बेडकासारखे दुमडून, की मला काही बोलायला जागाच राहिली नाही. वाडीवरच्या सगळ्या बाळांना ती न्हाऊमाखू घालायची. बाळाच्या हातातून एक केसासारखी बारीक नळी शिरेत घातलेली होती, थेट हृदयाच्या तोंडापर्यंत. त्या नळीतून पंपानं थेंब थेंब अन्न जायचं, त्यात दुधासारखं पांढरंशुभ्र स्निग्धही असायचं.

"ह्ये दूध शिरंतनं जातंय व्हय?"

"दूध नाही. तेलच म्हणा. पोटात पचत नाही म्हणून रक्तातून देतात."

"मग टाळूवर दोन थेंब घातलं तर काय बिघाडतंय?" ती म्हणाली. "टाळू कशी लखलख उडतीया बगा. भरायला पायजे."

"ते आत चालणार नाही," मी सांगितलं. आणि मला वाटलं, विषय संपला.

चौथ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, मी दुसऱ्या काचेच्या पेटीतल्या बाळाची सुई बदलून वळले तर मायाक्काचं बोट बाळाच्या टाळूवर होतं. बोट चकाकत होतं. मांडीवर पितळेची एवढीशी डबी.

आवाज चढवणं आत मना आहे, तेही माझाच नियम. पण त्या दिवशी मी तो मोडला. डबी हिसकावली, बाळ तिच्या छातीवरून उचलून पेटीत ठेवलं आणि तिला दाराबाहेर काढलं. "एवढ्या बांगड्या काढायला लावल्या त्या कशासाठी? आता पाऊल ठेवायचं नाही आत. बाळाला काही झालं तर तुमच्यावर येईल, सांगून ठेवते."

डबीसाठी तिनं हात पुढे केला, मी डबी दिली, आणि ती बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली.

रविवारी बाळाला झालं.

आधी श्वास मध्येच थांबायला लागला. टाचेवर टिचकी मारली की पुन्हा सुरू. मग अंग कोमट, मग रक्त तपासलं तर प्लेटलेट घसरलेल्या. डॉक्टर पाटण्यांनी दोन अँटिबायोटिक सुरू केली, रक्त कल्चरला पाठवलं. सोमवारी सात नंबरच्या पेटीतल्या निकमांच्या बाळालाही तेच. त्यालाही तशीच नळी, तेच पांढरं स्निग्ध. औषधं बदलली, वाढवली, ढिम्म फरक नाही. लॅबमधून रिपोर्ट यायचा, वाढ नाही. म्हणजे जंतूच सापडत नव्हता.

"असं काय घडलंय या आठवड्यात, सिस्टर?" पाटण्यांनी विचारलं.

"तेल घडलंय," मी म्हटलं, आणि तसं लिहूनही दिलं. तारीख, वेळ, सही.

जाता-येता मायाक्का दिसायची. सकाळी लेकीपाशी जाऊन यायची आणि पुन्हा तिच्या त्याच भिंतीशी. मोकळी मनगटं पदराखाली झाकलेली. मी समोरून गेले की उठून उभी राहायची. मी सांगायची, "आहे तसंच आहे." ती पुन्हा बसायची. मला तिचा राग येत होता. खरं सांगायचं तर तिचा राग करणं मला सोपं जात होतं, कारण दर अर्ध्या तासानं त्या एवढ्याशा टाचेवर टिचकी मारताना माझाच धीर सुटत चालला होता.

मंगळवारी लॅबचे इनामदार स्वतः वर आले. ही अपूर्वाई होती. मुश्ताक इनामदार तळघरातल्या लॅबमधून कॅन्टीनलासुद्धा यायचे नाहीत. त्यांनी बाह्या वर केल्या, हात धुतले, माझ्याकडे बघून दाखवले आणि मग डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, मी नळीतूनच काढलेलं रक्त काचेवर घेऊन पाहिलं. बॅक्टेरिया नाहीत. बारक्या बाटल्यांसारखं काहीतरी आहे. बुरशी."

"बुरशी असती तर प्लेटवर उगवली असती."

"नेहमीची उगवते. ही खायला तेल मागणारी जात दिसते. तुम्ही नळीतून स्निग्ध सोडताय, तिथं हिची पंगत बसलीय. मी दोन प्लेट लावतो. एकीवर तेल पसरतो, एक कोरडी ठेवतो. बघू कुठं उगवते."

तेल म्हटल्यावर पाटण्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी 'म्हटलं नव्हतं?' अशी मान हलवली.

"टाळूवरचं बोटभर तेल कातडीतून रक्तात जात नाही, सिस्टर," इनामदार म्हणाले. "बुरशी नळीतून गेलीय. नळी हाताळणाऱ्या कुणाच्या तरी हातावरून."

पाटण्यांनी त्याच तासाला दोन्ही बाळांच्या नळ्या काढल्या, स्निग्ध बंद केलं, बुरशीचं औषध सुरू केलं. बुधवार तसाच गेला. गुरुवारी दुपारी माझ्या लक्षात आलं की दोन तास झाले, टिचकी मारावी लागलेली नाही. मी तशीच पेटीपाशी उभी राहिले. मला रडू आलं, आणि आत रडायचं नाही म्हणून मी धुण्याच्या खोलीत जाऊन रडले.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता इनामदार दोन्ही प्लेट घेऊन डॉक्टरांच्या खोलीत आले. आम्ही तिघंच होतो. त्यांनी प्लेट टेबलावर ठेवल्या. तेलाच्या प्लेटवर साबुदाण्याहून बारीक, मळकट पांढरे ठिपके. कोरड्या प्लेटवरही तेच.

"दोन्हीवर आली," पाटणे म्हणाले. "मग काय झालं?"

"तेच तर. माणसाच्या कातडीवर राहते ती जात तेलाशिवाय उगवत नाही. तेलाशिवायही उगवणारी एकच, आणि ती माणसाची नव्हे." इनामदारांनी चष्मा वर सरकवला. "ती कुत्र्याची. कुत्र्याच्या कानात असते. कान चिघळला की ढिगानं."

मी टेबलाखाली हात घेतले. कधी घेतले ते कळलं नाही.

"कुत्रं," पाटणे म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "अहो, ती आजी! धनगराची बाई. मेंढरांमागे चार-पाच कुत्री असणारच. सुटला प्रश्न."

"पण साहेब, ती सात नंबरच्या बाळाला शिवली होती का?"

"शिवली नसेल. नळ, दार, खुर्ची, कशालाही हात लागला असेल. काय सिस्टर?"

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण माझ्या डोळ्यांसमोर बावीस वर्षं उभी राहिली, ट्रेमधली कात्री उभी राहिली, आणि माझ्या सहीचा तो कागद. सगळ्या वॉर्डला हात धुवायला शिकवणारी साळवे सिस्टर, लोका सांगे ब्रह्मज्ञान आपण कोरडे पाषाण, असं धुण्याच्या खोलीत आयाबाया कुजबुजतील हे मला ऐकूसुद्धा आलं. मी म्हटलं, "असेल."

"चार वाजता जतची गाडी असते ना? तिला गावी पाठवा. लेकीपाशी दुसरं कुणी येऊ दे. या हॉस्पिटलच्या आवारातच नको. तुम्हीच सांगा, तुमचं ऐकते ती."

इनामदारांनी प्लेट उचलल्या. जाताना ते दारात थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि गेले.

व्हरांड्यात मायाक्का भाकरीचा तुकडा मोडत होती. मला पाहून उठली.

"बसा," मी म्हटलं आणि मीही तिच्याशेजारी भिंतीला टेकून जमिनीवर बसले. इस्त्रीच्या साडीत जमिनीवर बसण्याची माझी ती पहिलीच वेळ. "आक्का, तुमच्याकडे कुत्री आहेत?"

"हाईत की. चार. मेंढरामागं लागत्यात."

"तुम्ही त्यांना हात लावता? कान-बिन साफ करता?"

ती हसली. त्या पंधरवड्यात पहिल्यांदाच. "त्येंचं कान कोन साफ करतंय वो बाई? आन ती हाईत कुठं? मालकाबरुबर गेल्यात चार म्हैनं झालं. म्या लेकीपाशी हाय तवापास्नं."

माझ्याजवळचं शेवटचं निमित्तही संपलं.

मग तिनं विचारलं, आणि हा प्रश्न ती पाच दिवस तोंडात धरून बसली होती हे मला तेव्हा कळलं. "बाई, खरं सांगा. लेकराला माज्यानं झालं का? टाळू उडत हुती, मला ऱ्हावलं न्हाई. आन त्या बांगड्या वाढवल्या तवाच मला वाटलं हुतं, कायतरी वंगाळ हुनार. माज्यानंच झालं न्हवं?"

"नाही," मी म्हटलं. "तुमच्यानं नाही. माझ्यानं झालं."

मग मी तिला सगळं सांगितलं. टोबीचे कान, रोज सकाळचे थेंब, दोन्ही बाळांच्या नळ्या मीच जोडते, या अंगठीखाली दोरा जाईल एवढीसुद्धा फट नाही, तिथं साबण पोचत नाही हे मला नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे, आणि तरीही. डॉक्टरांपुढे आत्ता गप्प बसून आले तेही सांगितलं. चारच्या गाडीचंही सांगितलं. बोलताना मी तिच्याकडे न बघता जिन्याकडे बघत होते.

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं माझा डावा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि अंगठी फिरवून पाहिली. फिरली नाही.

"मालकांची?"

"हो."

"हाईत न्हवं?"

"नाहीत. तीन वर्षं झाली."

"आन तुमी काडली न्हाईसा," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. मग कनवटीची ती पितळेची डबी काढली, झाकण उघडलं आणि खोबरेलाचं बोट माझ्या बोटाभोवती फिरवलं. बाळाला चोळावं तसं, सांध्यापासून वर, पुन्हा सांध्यापासून वर. दुखलं. कातडी सोलवटली. मी डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा अंगठी तिच्या तळव्यावर होती आणि माझ्या बोटाला पांढरं, सुरकुतलेलं कडं पडलं होतं.

"घ्या," ती म्हणाली. "जपून ठिवा. माजं तुकडंबी म्या ठिवल्यात."

मी तशीच तळघरात गेले. अंगठी कागदावर इनामदारांपुढे ठेवली आणि म्हटलं, "माझ्या घरी कुत्रं आहे. त्याचे कान चिघळलेले असतात."

इनामदारांनी कागद जवळ ओढला, वास घेतला. "तेल लावून आणलीत?"

"दुसऱ्या कशानं निघत नव्हती."

"असू दे," ते म्हणाले. "हिला तेलाचं वावडं नाही." मग कापूस लावलेली काडी अंगठीच्या आतून फिरवता फिरवता, मान वर न करता ते पुढे म्हणाले, "चार वाजायला अजून वीस मिनिटं आहेत, सिस्टर."

डॉक्टरांच्या खोलीत मी किती वेळ उभी होते, काय काय बोलणी खाल्ली, ते इथं सांगत नाही. ती मला खायलाच हवी होती. तो सहीचा कागद मी मागून घेतला आणि त्याच्याखाली दुसरा मजकूर लिहून पुन्हा सही केली. चारच्या गाडीनं कुणी गेलं नाही. अंगठीवरची आणि टोबीच्या कानातली बुरशी तीन दिवसांत प्लेटवर उगवली, दोन्ही प्लेटवर, साबुदाण्याहून बारीक.

या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. बाळ एकावन्नाव्या दिवशी घरी गेलं, निकमांचं बाळ त्याआधी पाच दिवस. सुवर्णा आपल्या पायांनी चालत गेली. मायाक्काचा म्हातारा लेकीला न्यायला आला होता, धडधाकट, खांद्यावर घोंगडं, आणि मायाक्काच्या हातात कोपरापर्यंत नव्या हिरव्या बांगड्या. टोबी पुढं चार वर्षं जगला. त्याचे कान मी हातमोजे घालून पुसायची. अंगठी कपाटात आहे.

पण मला आठवतो तो त्या शुक्रवारनंतरचा सोमवार. महिनाभर कुठल्याही बाळाला हात लावायचा नाही असा मला हुकूम झाला होता. माझं काम एकच, दारात स्टूल टाकून बसायचं आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाचे हात तपासायचे. सातच्या ठोक्याला मी बसले. पहिली आली मायाक्का. तिला पुन्हा आत सोडलं होतं.

तिनं पदर खोचला, हात कोपरापर्यंत धुतले, आणि ते माझ्यापुढे धरले. मी उलटसुलट करून पाहिले. बोटांची पेरं, नखं, मनगटं. स्वच्छ होते.

"जा," मी म्हटलं.

ती गेली नाही.

"आता तुमचं दावा," ती म्हणाली.

माझ्यामागे दोन शिकाऊ नर्स उभ्या होत्या. मी स्टुलावरून उठले आणि दोन्ही हात तिच्यापुढे धरले. तिनं ते घाई न करता पाहिले, मी पाहते तसेच, आधी तळवे, मग मागची बाजू. डाव्या हाताच्या बोटावरच्या पांढऱ्या वळावर तिचा अंगठा क्षणभर थांबला.

"बरं हाय," मायाक्का म्हणाली, आणि नातीला घ्यायला आत गेली.